नोकरी गमावलेल्या प्राध्यापकाचा कायदा : जोसेफ मुंडश्शेरी

केरळमधील अनुदानित शाळेत एखादा शिक्षक रुजू होतो, तेव्हा त्याची नेमणूक शाळेचे व्यवस्थापक करतात. त्याचे वेतन मात्र राज्याच्या तिजोरीतून थेट त्याच्या हाती पडते आणि त्याला सेवेतून दूर करायचे झाल्यास व्यवस्थापकांना शिक्षण खात्याची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. नेमणारा एक, वेतन देणारा दुसरा आणि काढण्याचा अधिकार दोघांत वाटलेला, अशी ही रचना कोणी विचारपूर्वक आखलेली नाही. एका मोठ्या राजकीय संघर्षानंतर जे शिल्लक राहिले, ते या रूपात टिकून आहे. त्या संघर्षाच्या केंद्रस्थानी मल्याळम साहित्याचे एक प्राध्यापक होते. जोसेफ मुंडश्शेरी हे त्यांचे नाव. शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती आणि सार्वजनिक शिक्षणाची फेररचना हा वाद देशात जेव्हा जेव्हा उपस्थित होतो, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीपर्यंत मागे जावे लागते.

मुंडश्शेरी यांचा जन्म १७ जुलै १९०३ रोजी तत्कालीन कोचीन संस्थानातील त्रिशूरजवळच्या कंडश्शांकडव या गावी एका सीरियन कॅथलिक कुटुंबात झाला. चर्च, शाळा आणि गाव यांची वीण तेथे घट्ट होती. केरळमध्ये शिक्षणाचा प्रसार झाला, त्यात मिशनरी आणि चर्चच्या शाळांचा वाटा मोठा होता. पुढे नायर समाजाची नायर सर्व्हिस सोसायटी, श्री नारायण धर्म परिपालन योगम आणि मुस्लिम संस्था याही क्षेत्रात उतरल्या. देणग्या, वर्गण्या आणि श्रमदान यांतून उभ्या राहिलेल्या या शाळांविषयी त्या त्या समाजाला ममत्व वाटे. मुंडश्शेरी याच वातावरणात वाढले. त्यामुळे पुढे ज्यांच्याशी त्यांना झगडावे लागले, ते त्यांना परके नव्हते.

पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेला हा तरुण पुढे संस्कृत आणि मल्याळम या विषयांकडे वळला आणि मद्रास विद्यापीठाची एम. ए. पदवी त्याने मिळवली. त्रिशूरच्या सेंट थॉमस महाविद्यालयात पौर्वात्य भाषा विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी सुमारे पाव शतक अध्यापन केले. एकीकडे वर्ग घेणे आणि दुसरीकडे समीक्षालेखन असा त्यांचा क्रम होता. ‘काव्यपीठिका’ या ग्रंथात त्यांनी संस्कृत काव्यशास्त्र आणि पाश्चात्त्य समीक्षा एकमेकांशेजारी ठेवून काव्याचा विचार केला. ‘मानदंडम’, ‘माट्टोलि’ आणि ‘रूपभद्रता’ या पुस्तकांनी मल्याळम समीक्षेत त्यांचे स्थान निश्चित केले. विद्यार्थी आणि वाचक त्यांना मुंडश्शेरी मास्टर म्हणत आणि मंत्री झाल्यानंतरही हे संबोधन सुटले नाही.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात केरळच्या पुरोगामी साहित्य चळवळीत मोठा मतभेद झाला. साहित्याचा आशय समाजपरिवर्तनाला उपकारक असावा, याविषयी दुमत नव्हते. मात्र रूपाची चोखंदळ घडण सोडून केवळ आशयावर साहित्य तगत नाही, अशी मुंडश्शेरी यांची भूमिका होती. साम्यवादी पक्षाच्या नेत्यांशी त्यांचा याच मुद्द्यावर जाहीर वाद झाला. काही वर्षांनी त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री झाले. पक्षाच्या शिस्तीत वाढलेला कार्यकर्ता अशी त्यांची ओळख कधीच नव्हती. ते राजकारणात आले, ते अध्यापक आणि लेखक म्हणून मिळालेला अनुभव घेऊन.

त्या अनुभवाचा मोठा भाग खासगी शिक्षणसंस्थांतील शिक्षकाच्या स्थितीविषयीचा होता. त्या काळी अनुदान शाळेला मिळे आणि ते व्यवस्थापकांच्या हाती पडे. त्यातून शिक्षकाला किती द्यायचे, हे बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापकांच्या मर्जीवर अवलंबून असे. पगारपत्रकावर एक रक्कम लिहून घ्यायची आणि हातावर त्याहून कमी ठेवायची, ही तक्रार विशेषतः मलबार भागातून सातत्याने होत होती. नेमणुकीसाठी पैसे मोजावे लागत. व्यवस्थापकांची नाराजी झाली की नोकरी संपे आणि त्याचे कारण कोणाला द्यावे लागत नसे. मलबारमधील प्राथमिक शिक्षकांनी १९३० च्या दशकातच या विरोधात संघटना उभी केली होती. स्वतः शिक्षक असलेले कथाकार कारूर नीलकंठ पिळ्ळा यांनी हे जीवन मल्याळम कथेत आणले. भुकेपोटी विद्यार्थ्याचा डबा चोरून खाणारा मुख्याध्यापक त्यांच्या एका प्रसिद्ध कथेत आहे. मुंडश्शेरी यांनी ‘प्रोफेसर’ या कादंबरीत खासगी महाविद्यालयातील अध्यापकाची कुचंबणा रंगवली.

कादंबरीतील हा विषय लवकरच त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात उतरला. स्वातंत्र्याच्या सुमारास ते प्रत्यक्ष राजकारणात आले होते आणि १९४८ मध्ये कोचीनच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. त्यांचे विचार आणि संस्थाचालकांची भूमिका यांतील अंतर वाढत गेले. १९५२ मध्ये सेंट थॉमस महाविद्यालयातील त्यांची सेवा संपुष्टात आली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला, ग्रंथकार म्हणून राज्यभर परिचित असलेला विभागप्रमुखही व्यवस्थापनाशी बिनसल्यावर किती निराधार होतो, हे त्यांनी अनुभवले. त्यांच्याकडे लेखणी होती, वाचक होते आणि राजकारणाचा मार्ग मोकळा होता. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाकडे यांपैकी काहीही नव्हते. १९५४ मध्ये ते त्रावणकोर-कोचीन विधानसभेत पोहोचले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रावणकोर-कोचीन आणि मद्रास राज्यातील मलबार जिल्हा एकत्र येऊन केरळ राज्य अस्तित्वात आले. पुढच्या वर्षी झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा साम्यवादी पक्षाने जिंकल्या आणि पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांचे अकरा जणांचे मंत्रिमंडळ ५ एप्रिल १९५७ रोजी सत्तेवर आले. मणलूर मतदारसंघातून निवडून आलेल्या मुंडश्शेरी यांच्याकडे शिक्षण खाते सोपवण्यात आले. राज्याच्या दोन भागांत शिक्षणाचे नियम वेगवेगळे होते. ते एकत्र आणण्यासाठी नवा कायदा कोणत्याही सरकारला करावाच लागला असता. मुंडश्शेरी यांनी ही गरज पुरी करताना शिक्षकाचा प्रश्न कायद्याच्या मध्यभागी आणला.

हा विषय त्यांच्या आधी कोणी हाताळला नव्हता, असे नाही. १९४५ मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी प्राथमिक शिक्षण सरकारच्या ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला आणि चर्चच्या तीव्र विरोधापुढे तो अडला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी काँग्रेसचे पनंपिळ्ळी गोविंद मेनन यांनी खासगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना वेतनाची हमी देणारी योजना आणली. तीही वादात सापडली. साम्यवादी सरकारचे विधेयक याच मालिकेतील पुढचा टप्पा होता. फरक इतकाच, की त्याचा आवाका अधिक होता आणि ते मांडणाऱ्या पक्षाविषयीचा संशयही अधिक होता.

जुलै १९५७ मध्ये विधेयक विधानसभेत आले. अनुदानित शाळांनी गोळा केलेले शुल्क सरकारकडे जमा करावे आणि शिक्षकांना वेतन सरकारने थेट द्यावे, अशी त्यात तरतूद होती. शिक्षकांची निवड लोकसेवा आयोग करील आणि व्यवस्थापकांनी आयोगाच्या यादीतूनच नेमणूक करावी, असे अकराव्या कलमात म्हटले होते. मागास समाजघटकांसाठी त्या यादीत आरक्षण होते. बाराव्या कलमानुसार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीविना कोणाही शिक्षकाला बडतर्फ, पदावनत किंवा निलंबित करता येणार नव्हते. चौदाव्या आणि पंधराव्या कलमांनी गैरव्यवस्था असलेल्या शाळा ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेण्याचा आणि प्रसंगी भरपाई देऊन एखाद्या क्षेत्रातील अनुदानित शाळा संपादित करण्याचा अधिकार सरकारला दिला. याशिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची चौकटही विधेयकात होती.

या तरतुदींपैकी बारावे कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. शिक्षकाला कधीच काढता येणार नाही, असे ते म्हणत नाही. काढण्याचे कारण व्यवस्थापकाखेरीज तिसऱ्या कोणाला तरी पटवून द्यावे लागेल, एवढेच त्याचे म्हणणे आहे. १९५२ मध्ये मुंडश्शेरी यांच्या वाट्याला जे आले नव्हते, ते नेमके हेच होते. सेवेची शाश्वती म्हणजे कामचुकारपणाला अभय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्याचे उत्तर या कलमाच्या रचनेतच होते.

विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. समाजाने पदरमोड करून शाळा उभारली, तिचे वळण आणि संस्कार जपायचे, तर शिक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेकडेच हवा, असे चर्चचे आणि इतर व्यवस्थापनांचे म्हणणे होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. शिक्षक दुसऱ्याने निवडायचा, त्याला काढण्याची परवानगीही दुसऱ्याकडून घ्यायची आणि शाळाही कधी ताब्यातून जाईल याचा भरवसा नाही, मग चालवण्याचा हक्क उरतो कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. पक्षाचे कार्यकर्ते शिक्षक म्हणून वर्गात शिरतील, ही भीती त्यामागे होती. पाठ्यपुस्तकांवरून उठलेल्या वादाने ती अधिक गडद केली. विधेयकात शिक्षकांचे संरक्षण आणि शाळा ताब्यात घेण्याची तरतूद एकत्र बांधली गेल्याने, पहिल्या गोष्टीला अनुकूल असलेले लोकही दुसरीमुळे विरोधी गोटात गेले. मुंडश्शेरी यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत महाग पडलेली चूक म्हणता येईल.

२ सप्टेंबर १९५७ रोजी विधानसभेने विधेयक मंजूर केले. राज्यपाल बी. रामकृष्ण राव यांनी ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी अनुच्छेद १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. घटना अमलात आल्यापासून अशा सल्ल्याची ही दुसरीच वेळ होती. केरळ सरकारच्या वतीने इंग्लंडचे बॅरिस्टर डी. एन. प्रिट यांनी बाजू मांडली. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी २२ मे १९५८ रोजी बहुमताचा अभिप्राय दिला. शाळा ताब्यात घेण्याची चौदावी आणि पंधरावी कलमे अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला घालणारी ठरली. प्राथमिक वर्गांत शुल्क घेण्यास मनाई करणारी तरतूद, अनुदान न घेणाऱ्या मान्यताप्राप्त अल्पसंख्याक शाळांपुरती, घटनाबाह्य ठरली. नवव्या, अकराव्या आणि बाराव्या कलमांनी व्यवस्थापनाच्या अधिकारात खोलवर शिरकाव होत असल्याचे न्यायालयाने मान्य केले. तरीही सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेवर रास्त अटी घालता येतात आणि त्यांत शिक्षकाच्या सेवेचे संरक्षण बसते, असा कौल मिळाला. संस्था चालवण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही, हे तत्त्व या अभिप्रायाने रुजवले. न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी काही मुद्द्यांवर वेगळे मत नोंदवले.

या अभिप्रायानुसार दुरुस्त केलेले विधेयक नोव्हेंबर १९५८ मध्ये पुन्हा मंजूर झाले, १९ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जून १९५९ पासून कायदा अमलात आला. न्यायालयीन लढाई मुंडश्शेरी यांनी बरीचशी जिंकली होती. रस्त्यावरची लढाई मात्र त्याच महिन्यात सुरू झाली. व्यवस्थापनांनी शाळा न उघडण्याचा पवित्रा घेतला. शेतजमीन विधेयकामुळे दुखावलेले जमीनमालक, नायर सर्व्हिस सोसायटीचे मन्नत्त पद्मनाभन, कॅथलिक चर्च, मुस्लिम लीग, प्रजा समाजवादी पक्ष आणि काँग्रेस एका आघाडीवर आले. १२ जून १९५९ रोजी ‘विमोचन समरम’ म्हणजेच मुक्तिसंग्रामाला प्रारंभ झाला. दुसऱ्याच दिवशी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर आंदोलन आवरणे सरकारच्या आवाक्यात राहिले नाही. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू जूनच्या अखेरीस केरळमध्ये येऊन गेले. पेच सुटला नाही. ३१ जुलै १९५९ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि सरकार पायउतार झाले. शिक्षण कायदा अमलात येऊन तेव्हा पुरते दोन महिनेच झाले होते.

या घटनेकडे इतिहासकार वेगवेगळ्या नजरेने पाहतात. निवडून आलेले सरकार बरखास्त करणे लोकशाहीला धरून होते का, हा प्रश्न आजही विचारला जातो. शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी होती. फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीनंतर पट्टम ताणु पिळ्ळा यांच्या नेतृत्वाखाली विरोधी आघाडी सत्तेवर आली. ज्या कायद्याविरुद्ध आंदोलन झाले, तो ती रद्द करील, असे अनेकांना वाटत होते. तसे घडले नाही. लोकसेवा आयोगामार्फत निवड करण्याची तरतूद दुरुस्तीद्वारे काढली गेली आणि पात्र उमेदवारांतून शिक्षक निवडण्याचा अधिकार व्यवस्थापनांकडे परत गेला. सरकारी तिजोरीतून थेट वेतन आणि बडतर्फीसाठी पूर्वमंजुरी या दोन्ही गोष्टी कायम राहिल्या. हजारो शिक्षक कुटुंबांना एकदा मिळालेले संरक्षण काढून घेण्याचे धाडस नव्या सरकारने केले नाही. पुढे आलेल्या सरकारांनीही त्याला हात लावला नाही.

मुंडश्शेरी सत्तेबाहेर गेले आणि पुन्हा लेखनाकडे वळले. समीक्षा, प्रवासवर्णने आणि कादंबऱ्या यांबरोबर त्यांनी ‘गळलेली पाने’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मचरित्र लिहिले. मल्याळम गद्यातील महत्त्वाच्या आत्मकथनांत त्याची गणना होते. १९७० मध्ये त्रिशूरमधून ते पुन्हा विधानसभेवर गेले. १९७१ मध्ये कोचीन विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांची नियुक्ती झाली. महाविद्यालयातून ज्याला बाहेर पडावे लागले होते, त्याच्या हाती एका नव्या विद्यापीठाची घडी बसवण्याचे काम आले. २५ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेला वाद त्यांच्यानंतरही न्यायालयांत चालू राहिला. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे हाच प्रश्न आला. अध्यापकाला काढण्यापूर्वी कुलगुरूंची मंजुरी घेण्याची गुजरातच्या कायद्यातील अट अल्पसंख्याक महाविद्यालयांना लागू होणार नाही, असा निर्णय झाला. मंजुरी कोणत्या निकषांवर द्यायची किंवा नाकारायची, हे त्या कायद्यात पुरेसे स्पष्ट नसल्याचा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षकांना दाद मागण्यासाठी जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण असावे, अशी दिशा दाखवली. तिसऱ्या पक्षाकडे दाद मागण्याचा मार्ग हवा, हे मुंडश्शेरी यांचे सूत्र त्यात टिकले. तो तिसरा पक्ष सरकारी अधिकारी असावा की न्यायिक यंत्रणा, एवढाच प्रश्न उरला.

केरळमध्ये मात्र त्यांच्या कायद्यातून वगळलेल्या अर्ध्या भागाची उणीव अधिक जाणवते. वेतन सरकार देते आणि नेमणूक व्यवस्थापन करते, त्यामुळे नेमणुकीसाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांची चर्चा थांबलेली नाही. अनुदानित शाळांतील भरती लोकसेवा आयोगाकडे द्यावी, ही मागणी अधूनमधून पुढे येते आणि तितक्याच वेळा मागे पडते. जन्मदर घटल्याने वर्गांतील पटसंख्या कमी होत आहे. दर वर्षी विद्यार्थी मोजून शिक्षकांची पदे ठरतात आणि जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसरीकडे सामावून घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. शाश्वती आणि शाळेची गरज यांचा मेळ कसा घालायचा, हा आजचा प्रश्न १९५७ च्या विधेयकात नव्हता. तेव्हा मुले वाढत होती, शाळा अपुऱ्या होत्या आणि शिक्षकाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर करणे ही पहिली निकड होती. ती तलवार खाली उतरवण्याचे श्रेय मुंडश्शेरी मास्टरांकडे जाते. त्यांच्या मंत्रिपदाचा काळ २८ महिन्यांहूनही कमी होता आणि त्यांनी मांडलेले बारावे कलम आजही लागू आहे.